पायरीवरची रेंज

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची लायब्ररी संध्याकाळी बंद व्हायची, वाय-फाय मात्र चालू राहायचं. राउटर आत, आम्ही बाहेर पायरीवर. संशोधनपत्रिकांची साइट फक्त कॉलेजचा आयपी पत्ता ओळखायची. फाटकाबाहेर गेलं की तोच पेपर पैसे मागायचा.

लोणारकडचा माझा मित्र शनिवारच्या एसटीआधी दोन दिवसांचं वाचन मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचा. गावात रेंज नव्हती. आम्ही विचारायचो, ‘शिदोरी बांधली का बे?’

मग ग्रंथपाल मॅडमनी एन-लिस्टचं लॉगिन काढून दिलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही सेवा तुम्ही कुठे बसलात ते बघत नाही, नाव आणि पासवर्ड बघते. हजारो ई-पुस्तकं घरूनही उघडणार होती. मित्र म्हणाला, ‘घरी काय उघडू? तिथं रेंज कुठाय?’

आता पुण्यात मी अशीच लॉगिनं लिहितो, ऑफिसच्या वेगवान नेटवर तपासतो. परवा नेट तुटताच वाचकाला बाहेर काढणारी ओळ लिहिली आणि पायरी आठवली. ओळ खोडली. उतरवलेलं पुस्तक नेटशिवायही उघडेल, अशी सोय केली. दोन दिवस जास्त लागले. मॅनेजरनं कारण विचारलं.

म्हटलं, ‘शिदोरी.’