चेन आधी सांगते

इंजिनातली चेन तुटण्याआधी सांगते. ऐकणारा पाहिजे.

आमच्या पोरानं जुनी डिझेल गाडी घेतली होती. आमचं गाव बल्लारपूर तालुक्यात. रात्री कोणाला कळा सुटल्या, कोणाला साप चावला, की चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायला हीच गाडी. त्या उन्हाळ्यात सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड व्हायची. दोन-चार सेकंदांत बंद. पोरगा म्हणे, "बाबा, गाडी तं पळते ना, मंग कायले चिंता करता?" विकणाऱ्यानंही तेच सांगितलं, चालते तोवर चालवा.

बल्लारपूरच्या मिस्त्रीनं मात्र गाडी रातभर ठेवून घेतली. थंड इंजिनाचाच आवाज खरा, म्हणे. त्यानं मला समजावलं ते असं. खालचा क्रँक दोन फेरे फिरला की वरचा कॅमशाफ्ट एक फेरा फिरतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, मिटतात. ही सांगड चेन धरून ठेवते. सायकलच्या चेनसारखंच, कडीकडीची पिन जराशी झिजते आणि सगळं मिळून चेन लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब चढेपर्यंत ढिली चेन खडखडते. ऑइल वेळेवर बदललं नाही, तर काजळी भरलेलं ऑइल पिना आणखी खाते.

मग त्यानं क्रँक नेमक्या जागी पिन घालून अडवला. वर कॅमशाफ्टलाही पिन बसायला पाहिजे होती. बसेना. "पाहा काकाजी, वरचा मांगं राहिला. चेन दात सोडून सरकली का व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळन. मंग इंजिनच गेलं समजा."

नुसती चेन टाकून भागत नाही. झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही, म्हणून दातेरी चक्रं, गाइड, टेन्शनर सगळंच बदलावं लागतं. मृग तोंडावर, बियाण्याच्या पैशाला हात लावायचा नव्हता. दर चढेल म्हणून ठेवलेली तूर मी विकली. सामान नागपूरहून आलं. नवी चेन बसवल्यावर मिस्त्रीनं पिना काढून इंजिन हातानं पुरे दोन फेरे फिरवलं, पुन्हा पिना घालून पाहिल्या. दोन्ही बसल्या. मग नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि तेव्हाच चाबी.

पुढं तुरीचा दर चढला. घरची अजून तो हिशेब ऐकवते. पण श्रावणात, पाऊस लागलेला असताना, शेजारच्या सुनेला मध्यरात्री कळा सुटल्या. गाडी एका चाबीत चालू झाली. उजाडायच्या आत चंद्रपूरला तिला पोरगी झाली.

आता ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरवर, हे पोरगा कॅलेंडरवर लिहून ठेवतो. मी सकाळी चहा घेत असलो तरी त्याची गाडी सुरू होताना कान तिकडं देतो.