डोंगरातल्या नद्या, समुद्रातल्या बोटी

जव्हार सोडलं की मोखाड्यापर्यंत एसटी वळणं घेतच जाते. दोन्ही बाजूंना उतारावर नागली आणि वरई. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवरचं जव्हार हे जुनं कोळी महादेव संस्थान. मुकणे घराण्याच्या राज्याला दिल्लीच्या सुलतानानं १३४३ मध्ये मान्यता दिली. सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. इथला इतिहास सगळा जमिनीवरचा. माझ्या डोक्यात मात्र बोटी होत्या.

त्याला कारण दोन नद्या. मोखाड्याच्या पुढे तोरंगण घाट चढला की त्र्यंबक. तिथल्या ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी पूर्वेला जाते आणि त्याच डोंगररांगेतली वैतरणा पश्चिमेला, मोखाड्याच्या कडेकडेनं. दोघींची नावं बोटींना मिळाली, आणि दोन्ही बोटींच्या नशिबात जमीन-अस्मानाचं अंतर पडलं.

खोडाळ्याहून कसाऱ्याच्या रस्त्याला वैतरणा ओलांडावी लागते. पुलावर उभं राहिलं तर खाली काळा खडक आणि त्यातून वाट काढणारं हिरवट पाणी. इथं होडीसुद्धा चालायची नाही. पण १८८५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथला बांधलेल्या एका आगबोटीचं नाव ‘वैतरणा’ होतं. कच्छमधलं मांडवी ते मुंबई अशी ती उतारूंची ने-आण करी. बोटीवर विजेचे दिवे, म्हणून गुजरातेत तिला सगळे ‘वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली. आत लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईकडे निघालेली मुलं होती. द्वारकेला आणखी माणसं चढली. पोरबंदरला वादळामुळे ती थांबलीच नाही. पुढे सातशेहून अधिक जीव घेऊन ती गेली ती कायमचीच. चौकशीत निघालं ते हे, की जीवरक्षक होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हतेच. दिवे होते, पट्टे नव्हते! सौराष्ट्रात तिची गाणी झाली.

गोदावरीचं नाव मिळालं ते लढाऊ जहाजाला. ‘एचएमआयएस गोदावरी’ ही रॉयल इंडियन नेव्हीची स्लूप, म्हणजे विनाशिकेहून थोडी लहान, मालवाहू ताफ्यांची राखण करणारी नौका. इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीनं बांधलेली ही नौका १९४३ मध्ये दाखल झाली. पाण्याखाली ध्वनिलहरी सोडायच्या, प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा माग काढायचा आणि तिच्यावर डेप्थ चार्ज टाकायचे, हे असल्या नौकांचं काम. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्सजवळ ब्रिटिश फ्रिगेट ‘फाइंडहॉर्न’च्या जोडीनं तिनं जर्मन पाणबुडी यू-१९८ बुडवली. आतले ६६ जण गेले, एकही वाचला नाही. त्याच महायुद्धात जव्हारचे यशवंतराव मुकणे महाराज हवाई दलात होते. आरमाराशी जव्हारचा संबंध तसा नावापुरताच, तोही शेजारच्या नदीचा.

फाळणीत देशाबरोबर जहाजंही वाटली गेली. सहा स्लूपांपैकी चार भारताकडे राहिल्या. ‘नर्बदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानच्या वाट्याला. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि त्र्यंबकच्या गोदावरीचं नाव पुसून तिकडे त्या नौकेवर ‘सिंध’ रंगवलं गेलं. मला हे वाटप विचित्र वाटतं. पण लोखंडाची वाटणी करताना नद्यांची नावं कोण बघतो?

नाव मात्र परत आलं. १९८३ मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली क्षेपणास्त्रधारी फ्रिगेट ‘आयएनएस गोदावरी’ नौदलात दाखल झाली. डॉकमध्ये तिचं काम चाललं होतं तेव्हा शहराच्या नळांना मोडकसागर आणि अपर वैतरणेचं पाणी होतं. म्हणजे गोदावरी घडवणाऱ्यांच्या पोटात वैतरणा. नोव्हेंबर १९८८ मध्ये, ‘वीजळी’ बुडाल्याला बरोबर शंभर वर्षं होत असताना, मालदीवमधून ओलीस घेऊन पळणाऱ्या भाडोत्री सैनिकांचं जहाज ‘गोदावरी’ आणि ‘बेतवा’नं समुद्रात गाठलं. डिसेंबर २०१५ मध्ये ती निवृत्त झाली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, मोखाड्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण उभं राहिलं. तेही पाणी मुंबईला. मोखाड्याच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर.

खोडाळ्याच्या नाक्यावर चहा घेताना एका म्हाताऱ्या बाबांना हे सगळं सांगत बसलो. ‘गोदावरी’नं बुडवलेल्या पाणबुडीपर्यंत त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवत म्हणाले, “आन् आमच्या वाघ नदीच्या नावाची बोट नाय?”

“माझ्या ऐकण्यात नाही, बाबा.”

“करा म्हणावं एखादी. वाघ म्हटल्यावर समोरचा आधी पळंल, मग तोफा लागायच्या नाय.”