टाकी रिकामी करताना

छोट्या विमानाची टाकी रिकामी करायची म्हणजे खालचा कॉक उघडायचा आणि डबा धरायचा, एवढंच काम दिसतं. हँगरमध्ये नवा आलेला पोरगा ते मागून घेतो, कारण त्यात डोकं लागत नाही असं त्याला वाटतं. माझी नोकरी जुहूला अशाच विमानांच्या देखभालीत गेली. घर शहाडला, त्यामुळे रोज कसारा लाइनची गर्दी अंगावर घेऊन जायचं. एवढ्या वर्षांत मला धास्ती वाटली ती भरलेल्या टाकीची नाही, रिकाम्या होत चाललेल्या टाकीची.

पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. तीसुद्धा हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच. भरल्या टाकीत वाफेला जागा थोडी आणि वाफ इतकी दाट, की ठिणगी पडली तरी ती सहसा पेट घेत नाही. पण कॉक उघडला की जेवढं पेट्रोल खाली येतं तेवढी हवा वरून आत जाते. दाट वाफ पातळ होत होत नेमकी त्या धोक्याच्या पट्ट्यात येते. धार थांबते, पोरगा हात पुसतो, ‘झालं’ म्हणतो. खरं काम तिथून पुढे असतं. १९९६ साली न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूएचं जंबो जेट हवेत फुटलं आणि २३० माणसं गेली. तेव्हा चौकशीत बोट ठेवलं गेलं ते मधल्या टाकीवर, आणि त्या टाकीत तळाशी थोडंसंच इंधन होतं.

शहाडच्या माणसाला हे फार सांगावं लागू नये. इथल्या रेयॉनच्या कारखान्यात लागणारा कार्बन डायसल्फाइड पेट्रोलपेक्षाही तापट. वाफेच्या गरम पाइपाला लागला तरी पेटू शकतो. २०२३च्या सप्टेंबरात इथेच टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले. पण त्याच्या कितीतरी आधी, २००५च्या पुरात उल्हास नदी घराघरांत शिरून गेल्यावर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मुलं काय करत होती? टाकीत पाणी गेलेल्या बाइकची नळी काढून पेट्रोल प्लॅस्टिकच्या बादलीत सोडत होती, आणि शेजारी पाण्याच्या मोटारीचं बटण चालू.

“काका, पाणीच आहे हो जास्त,” एकजण म्हणाला.

“पाणी तळाला राहतं रे बाबा. वर काय तरंगतंय ते बघ. आणि ती मोटार आधी बंद कर.”

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत खड्ड्यात, गटारात, मोटारीच्या कोनाड्यात जाऊन बसते. म्हणून विमान आधी हँगरबाहेर ढकलायचं, उन्हापासून आणि दुसऱ्या विमानापासून लांब. बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच काढायची. वाफ सुटल्यावर तिला हात लावला तर तीच ठिणगी देईल. मग बाँडिंगची वायर. डबा पत्र्याचा हवा, प्लॅस्टिकचा नको. विमान आणि डबा एकमेकांना जोडायचे, दोघांना अर्थिंग द्यायचं. क्लिप उघड्या धातूवर बसली पाहिजे. रंगावर लावलेली क्लिप न लावल्यासारखीच. ही जोडणी झाकण उघडण्याआधी करायची आणि झाकण लागल्यावरच सोडायची. नळीचं टोक डब्याच्या तळाला टेकवायचं, कारण उंचावरून पडणाऱ्या धारेत वीज साचते. पावसाळ्याच्या दमट हवेत ती चटकन निचरते, म्हणून आपल्याकडे लोक निर्धास्त असतात. हिवाळ्यात धुळ्याकडच्या कोरड्या हवेत काम करून बघा, टेरीकॉटचा शर्ट घालून.

धुळ्याचं नाव आलं म्हणून सांगतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, २०१७ला त्याची नोंदणी झाली आणि पुढे चाचण्यांसाठी ते धुळ्याला गेलं. घरी बांधलेलं विमान रस्त्याने न्यायचं तर पंख सुटे करावे लागतात, आणि छोट्या विमानाचं इंधन बहुधा पंखातच असतं. म्हणजे टाकी रिकामी करणं आलंच.

कारखान्यातून आलेल्या सेसनाचं पुस्तक असतं: कॉक कुठे, तळ कुठे, किती लिटर आत अडकून राहतं. घरच्या विमानाचं पुस्तक बांधणाऱ्याच्या डोक्यात. शेपटी टेकवून उभ्या असलेल्या विमानात टाकीचा सगळ्यात खालचा कोपरा उडतानाच्या कोपऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि कॉक कधीकधी या दोन्हींपैकी कुठेच नसतो! टाकी फायबरची असेल तर आणखी पंचाईत. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून झाकणाची रिंग आणि ड्रेन कॉक हे धातूचे भाग तारेने आतून जोडलेले आहेत का, ते मालकालाच विचारावं लागतं.

धार मध्येच बारीक झाली तर आधी हवेची नळी बघावी. बाहेर उभ्या विमानाच्या त्या पेन्सिलीएवढ्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, आत अळ्यांसाठी कोळी ठेवून. बाहेरून बोटभर चिखल लागल्यासारखं दिसतं. झाकण बंद असेल तर आत हवा जात नाही, धार अडते आणि पातळ पत्र्याची टाकी आत दबते. तोंडाने फुंकून ती माती आत ढकलणारे महाभाग मी पाहिलेत.

पहिलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावं. एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. बरणी स्वच्छ बिनरंगी दिसली तर खूश होऊ नये, ते सगळं पाणीच असू शकतं. काढलेलं पेट्रोल मोजायचं. विनापरवाना ३० लिटरच जवळ ठेवता येतं, म्हणून जास्तीची सोय आधीच करायची. गटारात तर नाहीच. एव्हगॅसमध्ये शिसं असतं. मग टाकीवर तारीख आणि लिटर लिहून कागद चिकटवायचा. चाळीस लिटर भरलं होतं आणि सदतीसच आलं, तर उरलेलं कुठल्या कोपऱ्यात आहे ते सापडेपर्यंत वेल्डरला पंखाजवळ येऊ द्यायचं नाही. सापडल्यावरही त्याने टाकी आधी काठोकाठ पाण्याने भरलेली बरी.