तळातली बारीक ओळ

मला छापील कागद खालून वर वाचायची खोड आहे. लग्नपत्रिका हातात आली की वधू-वरांची नावं नंतर. आधी नजर जाते ती तळाशी, कोपऱ्यात बारीक टायपात छापलेल्या प्रेसच्या नावाकडे. "लग्न कुणाचं आहे ते तरी बघा आधी," असं घरातून ऐकावं लागतं. बघतो की! पण लग्न कुणाचं, हे पत्रिका देणाऱ्यानं तोंडानं सांगितलेलंच असतं. ती छापली कुणी, हे त्या ओळीखेरीज कुणीच सांगत नाही.

ही खोड मामाची देणगी. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात मामाचा प्रेस होता. प्रेस म्हणजे काय, तर पुढची खोली आणि मागची पडवी. पुढं टेबल, पावतीपुस्तक, केलेल्या कामांचे नमुने चिकटवून फुगलेली एक वही आणि भिंतीवर सिद्धेश्वराचा फोटो. मागं खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस, कागद कापायचं यंत्र आणि पायानं मारायचं ट्रेडल. शाई आणि रॉकेल यांचा मिळून जो वास तिथं होता, तो मामा परगावी लग्नाला गेला तरी त्याच्या सदऱ्यातून जात नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिथं नेऊन बसवत, कारण घरी मी कुणालाच नको असायचो. कंपोझिटरला सगळे अन्ना म्हणत. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि ती मराठी अशी की 'तो ओळ' आणि 'ती खिळा'. पण त्यांनी जुळवलेल्या मजकुरात ऱ्हस्वदीर्घाची चूक काढून दाखवणारा मास्तर मी पाहिला नाही. डाव्या हातात स्टिक, डोळे हस्तलिखितावर, आणि उजवा हात न बघता नेमक्या घरात. इंग्रजीचं दोन केसेसमध्ये भागतं. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांचा सगळा गोतावळा सांभाळायला चार केसेस लागायच्या. त्या समोर आणि बाजूंना मांडून अन्ना मधे उभे राहायचे. एखाद्या सहकारी संस्थेचा अहवाल आला की 'ष्ट्र' आधी संपायचा आणि महाराष्ट्र अडून बसायचा. मग मामा सायकल काढून ओळखीच्या दुसऱ्या प्रेसमधून मूठभर 'ष्ट्र' उसने आणायचा. धंद्यात चुरस होती, पण खिळ्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

"काय बे, वाच बघू," म्हणत अन्ना स्टिक माझ्यापुढं धरायचे. खिळे उलटे. मला पहिल्यांदा सलग वाचता आली ती ओळ मामाच्या प्रेसच्या नावाची, कारण तीच रोज दिसायची. ती दर वेळी जुळवत नसत. दोऱ्यानं बांधून कायमची तयार ठेवलेली असे. सगळा मजकूर चेसच्या लोखंडी चौकटीत बसवला की शेवटी तो तुकडा तळाशी घालायचा आणि मग फर्मा आवळायचा. "मजकूर गिऱ्हाइकाचा, ही ओळ आपली," मामा म्हणायचा.

तसं पाहिलं तर ती ओळ हौसेतून आलेली नाही. पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण वाचता येईल असं छापलंच पाहिजे, हा दंडक १८६७ च्या कायद्यानं घातला. उद्या काही भलतंसलतं निघालं तर कुणाच्या दारात शिपाई पाठवायचा, हे सरकारला कळायला हवं होतं. लग्नपत्रिकेला अशी सक्ती कोण करणार? पण प्रेसवाल्यांनी ती ओळ तिथंही नेली आणि तिची जाहिरात केली. सरकारनं पत्ता मागितला, यांनी त्याच पत्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं. मला हे फार आवडतं.

मामाच्याही आधीचं सांगायचं, तर सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. छापखाना म्हणजे सगळा वजनाचा संसार. लोखंडी यंत्र, शिशाचे खिळे, कागदाची रिमं, हे बैलगाडीतून मुंबई-पुण्याहून आणायचं म्हणजे दिव्यच. गाडी सुरू झाल्यावर ते सोपं झालं. एकोणिसाव्या शतकातच 'कल्पतरू' नावाचं साप्ताहिक इथून निघत असे. हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात इथंच 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केलं. शास्त्र छापणं म्हणजे त्याची विटंबना, असं मानणारे श्रावक तेव्हा पुष्कळ होते. हस्तलिखित पोथीला पाट, कापडी वेष्टण आणि नमस्कार, आणि छापील पान वाण्याच्या पुडीलाही चालतं, हे त्यांचं दुखणं. पुढं त्याच गावात जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली आणि १९४३ साली तिचा पहिला ग्रंथ 'तिलोयपण्णत्ती' आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली बाहेर पडला. जगातल्या जैनविद्येच्या अभ्यासकाला 'सोलापूर' हे नाव चादरीमुळं नाही, त्या मुखपृष्ठामुळं ठाऊक असतं.

पंचांगाचीही तीच गत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी ते हातात धरायला कचरत. आज उभ्या महाराष्ट्रात मुहूर्ताचा वाद झाला की ज्या पंचांगाचं नाव निघतं, ते दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं सोलापुरातून निघतं आहे. पंचांगाची छपाई काय असते, हे मला एका देवस्थानाच्या छोट्या दिनदर्शिकेवरून कळलं. तक्त्याचं काम म्हटलं की अन्नांच्या कपाळाला आठी. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. दर रकान्यात आकडे, रकान्यांमधे पितळी पट्ट्या, आणि एक आकडा केसभर जाड निघाला तर खालची सगळी ओळ तिरपी. कथा-कादंबरीत अक्षर चुकलं तर वाचणारा हसून पुढं जातो. इथं चुकलं तर कुणाची तरी एकादशी चुकायची. मामा या कामाला दीडपट दर लावायचा आणि कुणी घासाघीस करत नसे.

मे १९३० चं सोलापूर शाळेत आम्ही हुतात्म्यांच्या नावांनी शिकलो. ८ मेचा गोळीबार, काही दिवस गावात इंग्रजांचा अंमलच न उरणं, १२ मेला लागलेला मार्शल लॉ. छापखान्यांच्या बाजूनं ती गोष्ट कुणी सांगितली नाही. त्याच्या आधी जेमतेम दोन आठवडे, एप्रिलच्या शेवटी, सरकारनं वटहुकूम काढून प्रेसवाल्यांकडून जामिनकी मागायचा अधिकार घेतला होता. रक्कम जप्त झाली की प्रेसला कुलूप. रामकृष्ण जाजू 'कर्मयोगी' काढत होते, कुर्बान हुसेन 'गझनफर'. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन फासावर गेले. चार पुतळ्यांच्या चौकातून रोज हजारो माणसं जातात. त्या चौघांतला एक जण वर्तमानपत्र काढणारा होता, हे किती जणांना माहीत असेल? देशभर त्या दिवसांत चोरून वाटली जाणारी पत्रकं निघत, त्यांच्या तळाशी कुठल्याच प्रेसचं नाव नसे. पोलिसांना हवे असायचे ते कागद नेमके तेच.

मामाच्या वेळेपर्यंत हा सगळा इतिहास होऊन गेला होता. त्याच्याकडं पोटापाण्याची कामं. दुकानांची बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका (तेव्हा मला प्रेसमध्ये पाऊल टाकायला बंदी), कामगार युनियनची पत्रकं, चादरीच्या घडीवर लावायची लेबलं, गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यांची तिकिटं. सिनेमाची हँडबिलं गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदावर निघत. टांग्यातून ती उधळत निघाले की पोरं मागं धावत, आणि मी एक हँडबिल पकडून खालची ओळ बघत असे. मामाची असली तर दिवसभर छाती फुगलेली.

लग्नसराईत मात्र प्रेसला दिवस-रात्र कळत नसे. या गावची लग्नपत्रिका म्हणजे चार भाषांचा मामला. वरच्या ओळीवरूनच घर ओळखावं. 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' असेल तर बहुधा लिंगायत, 'श्री मार्कंडेय प्रसन्न' असेल तर पूर्व भागातलं पद्मशाली घर, ७८६ असेल तर काय ते सांगायला नको. कानडी आणि तेलुगू मजकूर मामा ते टाईप असणाऱ्या प्रेसकडं पाठवायचा. उर्दूचं दुखणं निराळं. ती लिपी खिळ्यांत धड बसत नाही, म्हणून कातिबाकडून हातानं लिहून घेऊन त्यावरून छापायची. कातिब वेळेवर देईल तेव्हा खरं, निकाहाची तारीख काही त्याच्यासाठी थांबत नाही. मराठी पत्रिकांचा मजकूर मात्र मोसमभर मोडतच नसत. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'अगत्य येण्याचे करावे' पर्यंत सगळं उभं ठेवायचं; नावं, तिथी आणि मंगल कार्यालय तेवढं बदलायचं. शे-दोनशे जोडपी त्याच शिशाच्या ओळींतून संसाराला लागली. त्या मजकुराचे कोपरे मोसम संपेपर्यंत झिजून जात. शेवटच्या लग्नांच्या 'श्रीकृपेत' वेलांटी पुसट असायची.

निवडणूक म्हणजे रोख पैसे, अशी बाहेरच्यांची समजूत. मामाचा हिशेब वेगळा होता. पडलेल्या उमेदवाराकडून उधारी वसूल होत नाही आणि निवडून आलेल्याकडून मागता येत नाही. निवडणुकीच्या पत्रकावर मात्र मुद्रकाचं नाव-पत्ता घालणं बंधनकारक, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ. म्हणजे बुडीत कामावर नाव घालायची सक्ती. मामा हे हसून सांगायचा, पण हसू पुरतं उमटत नसे.

मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफसेट आलं होतं. माझं लग्न झालं तोवर संगणकावर जुळणी सुरू झाली. श्रीलिपी घालून बसलेला विशीतला पोरगा अन्नांचं दिवसभराचं काम तासाभरात उरकायचा, आणि 'ष्ट्र' त्याला कधी कमी पडत नसे. पाठोपाठ शिवकाशीची तयार कार्डं आली. गणपती, सोनेरी किनार, मखमली पाकीट सगळं तिकडून छापून यायचं. इथल्या प्रेसनं मधल्या जागेत मजकूर तेवढा घालायचा. तळातली ओळ तिथंच डळमळली. अर्धं काम शिवकाशीचं, मग नाव कुणाचं घालणार? मामानं प्रेस विकला नाही, मोडला. खिळे वजनावर भंगारात गेले. शिसं, अँटिमनी आणि कथील, त्याला भाव बरा येतो. ट्रेडल दुसऱ्या एका प्रेसवाल्यानं नेलं आणि ते अजून चालतं. छपाईला नाही, बिलबुकावर नंबर मारायला आणि तिकिटाला भोकांची रेघ पाडायला. त्या कामाला अजून त्याच्या तोडीचं काही मिळालेलं नाही, असं नेणारा सांगतो.

आता चौकाचौकात डिजिटल फलक लागतात. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं वीस फुटी. त्यांवर गल्लीतल्या तीस जणांचे फोटो असतात, छापणाऱ्याचं नाव अभावानंच. लग्नाचं आमंत्रण मोबाइलवर येतं. ते कुणी केलं हे विचारायचीही सोय नाही. १८६७ चा कायदाही १ मार्च २०२४ पासून गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातून पुस्तकं वगळली आहेत. मला त्याबद्दल रडायचं नाही. शिसं हाताळून दुपारी गुळाचा खडा चघळणाऱ्या, चाळिशीत डोळ्यांना जाड भिंगं लावणाऱ्या अन्नांच्या जागी पुन्हा कुणी उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. मात्र सोलापूरच्या छापखान्यांचा इतिहास कुणी लिहायला बसलाच, तर साप्ताहिकांच्या आणि ग्रंथांच्या नोंदी त्याला मिळतील. बोळातल्या शेकडो प्रेसांचं नाव, पत्ता आणि साल सांगणारा पुरावा मिळेल तो फक्त पत्रिका, पावत्या आणि हँडबिलांच्या तळाशी. आणि नेमके तेच कागद आपण रद्दीत घालतो.

तेव्हा माळ्यावरच्या पेटीत आजी-आजोबांची पत्रिका, गिरणीची पावती, नाटकाचं हँडबिल काही सापडलं तर विकू नका. जवळच्या वाचनालयात विचारा. ते घेत नसतील तर निदान फोटो काढून ठेवा, आणि काढताना तळ कापू नका. घरात पुढचं कार्य निघेल तेव्हा प्रेसवाल्याला सांगा, खाली तुझं नाव घाल म्हणून. त्याचे तो वेगळे पैसे लावत नाही.