गोळ्यांच्या वेळा आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या

वाचकहो, परदेशातून आलेल्या माणसाच्या मुक्कामातला शेवटचा दिवस बहुतेक घरांत एकाच तऱ्हेने जातो. बॅगा भरायच्या, वजनकाट्यावर ठेवायच्या, चटण्यांच्या पुड्या काढायच्या आणि पुन्हा आत सरकवायच्या. राहून गेलेल्या दोन-तीन देवळांचे धावते दर्शन घ्यायचे आणि रात्री इतके दमायचे, की एकमेकांशी चार शब्द बोलण्याचेही त्राण उरू नये. प्रवासी सत्तरी ओलांडलेला असेल आणि त्याला एखादा दीर्घ आजार असेल, तर या धावपळीची किंमत तो विमानात आणि पुढचा आठवडाभर मोजतो. हा दिवस निराळ्या रीतीने घालवता येतो, असे गेल्या माघात मला उमगले. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

माझी बालमैत्रीण 73 वर्षांची आहे. यजमान गेल्यापासून ती मुलाकडे इंग्लंडात राहते. सहा वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन्सचे निदान झाले. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी 1817 मध्ये या विकाराचे वर्णन लिहिले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू घटत जातात. परिणामी हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, आवाज खालावतो, अक्षर बारीक होत जाते. हात थरथरणे हे लक्षण सर्वांना ठाऊक असते. परंतु ते प्रत्येकात असतेच असे नाही.

मुक्कामाचे अखेरचे चार दिवस ती मंचरला माझ्याकडे होती. पहिल्याच संध्याकाळी तिने एक कागद माझ्या हाती दिला. मुंगीएवढ्या अक्षरांत त्यावर लिहिले होते : शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, भीमाशंकर, डिंभे. जुन्नर आणि आंबेगावच्या मातीत वाढलेल्या माणसाला यातले एकही नाव खोडणे जड जाते. तरीही आम्ही खोडत गेलो. शिवनेरीची वाट सात दरवाजांतून चढते. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, पण तिथवरचा प्रवास लांबचा. भीमाशंकराला जाताना पायऱ्या उतरायच्या आणि थकल्यावर चढायच्या, हा क्रमच आमच्या वयाला उलटा. ओझरचा विघ्नहर कुकडीकाठी सपाटीवर आहे; गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांना मी तेच देऊळ सुचवीन. परंतु तिने बोट ठेवले ते लेण्याद्रीवर आणि डिंभ्यावर. सकाळी एक, दुपारनंतर एक. मध्ये जेवण आणि विश्रांती.

विमान दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईहून होते. त्यामुळे फिरण्याचा दिवस संपल्यावर एक अखंड रात्र आणि निवांत सकाळ हाताशी राहणार होती. प्रवासाच्या दिवशीच फिरायला जाऊ नये, एवढे पथ्य आम्ही आधीच ठरवले होते.

आदल्या रात्री तिच्या मुलाचा फोन आला. “मावशी, आईला पायऱ्या चढायला लावू नका हं. ती पडली तर?” त्याचे भय खोटे नव्हते. या आजारात तोल जातो आणि या वयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवते. मैत्रिणीने फोन मागून घेतला आणि आपल्या खालावलेल्या स्वरात म्हणाली, “अरे, गिरिजेने मुलासाठी तप केलं तो हा डोंगर. आणि तिथेच माझा मुलगा मला जाऊ नको म्हणतो!” तिकडे तो हसला, इकडे आम्ही, आणि मग तिघांनी मिळून नियम ठरवले.

पहिला नियम गोळ्यांचा. लिवोडोपा हे या आजारातले मुख्य औषध. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने तिच्या अंगात हुशारी येते आणि सुमारे तीन तास टिकते. पुढची गोळी लागू पडेपर्यंत पाय पुन्हा जड होतात. तिच्या गोळ्यांच्या वेळा सात, अकरा, तीन आणि सात. म्हणजे आमच्या दिवसाचे वेळापत्रक या चार आकड्यांनी लिहायचे होते, देवस्थानांनी नव्हे. सात वाजता गोळी, साडेआठला लेण्याद्रीचा पायथा आणि जिथे असू तिथून पावणेदहाला मागे फिरायचे. वर पोहोचलो नाही तरी फिरायचे. डोलीची सोय पायथ्याशी असते. तिला ती नको होती आणि मी आग्रह केला नाही.

नारायणगावावरून जुन्नर आणि पुढे कुकडी ओलांडून आम्ही पोहोचलो, तेव्हा हवेत गारवा होता. गाडीतून उतरून सपाट फरसबंदीवर चार पावले टाकताच तिचे पाय जागच्या जागी थिजले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे हे या आजाराचे एक लक्षण आहे. अशा वेळी हाताला धरून ओढू नये. ओढल्याने वरचे शरीर पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. थांबावे, श्वास घेऊ द्यावा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगावे आणि ठेका द्यावा. शाळेत आम्ही दोघी लेझीम खेळायचो. मी हलकेच मोजू लागले : एक, दोन, तीन, चार. चौथ्या ठोक्याला तिचा उजवा पाय सुटला.

पायऱ्या सुरू झाल्या आणि माझा पुतण्या चकित झाला. सपाटीवर अडणारी ही बाई पायरीमागून पायरी चढत होती! याचे कारण वैद्यकाला ठाऊक आहे. सपाट जमिनीवर पाऊल आपोआप पडावे लागते आणि नेमकी तीच आपोआप होणारी क्रिया या आजारात बिघडते. पायरीची कड मात्र डोळ्यांना दिसते; पाऊल कुठे ठेवायचे ते ती सांगते आणि मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. सर्वांच्या बाबतीत असे घडेलच असे नाही. आपल्या रुग्णाला ते जमते का, हे आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाहावे.

दर वीस पायऱ्यांनी आम्ही बसत होतो. बसून उठताना रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून उठल्यावर मिनिटभर कठड्याला धरून उभे राहायचे आणि मगच पाऊल. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. पावणेदहा वाजले तेव्हा आम्ही अर्ध्यावर होतो. वर डोंगराच्या कड्यात लेण्यांची रांग दिसत होती. त्यांतल्याच एका बौद्ध विहारात, एकही खांब नसलेल्या प्रशस्त दालनात, गिरिजात्मज बसला आहे. समोर जुन्नरच्या पलीकडे शिवनेरी उन्हात उजळला होता. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. ज्यांनी ती खोदली त्यांनीही डोंगर एका दिवसात पुरा केला नसेल, असे ती म्हणाली आणि कठड्यावरूनच हात जोडून तिने स्वतः वळण घेतले.

उतरणे चढण्याहून कठीण. पुतण्या तिच्या पुढे, एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून उतरत होता. तिचा एक हात कठड्यावर होता आणि मी बाजूला ठेका मोजत होते. साडेदहाला पायथा आला. अकराला दुसरी गोळी झाली.

जेवायला तिला मासवडीच हवी होती. डाळीच्या पिठाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण, वर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या भागाचे हे वैभव. परंतु प्रथिनांचे जेवण आणि लिवोडोपा एकदम पोटात गेले, तर शरीरात शिरताना दोघांची चढाओढ होते आणि काही रुग्णांत गोळीचा गुण कमी पडतो. म्हणून गोळीनंतर तासाभराने आम्ही पानावर बसलो. पथ्य म्हणजे प्रत्येक वेळी वर्ज्य करणेच नव्हे. पुष्कळदा ते घड्याळाचे काम असते. जेवणानंतर ती दीड तास झोपली. तीनला तिसरी गोळी घेऊन घोडेगावावरून आम्ही डिंभ्याकडे निघालो.

वाटेत कुंपणावर खाजकुहिलीच्या वाळलेल्या शेंगा दिसल्या. लहानपणी या शेंगांनी आम्हाला रडवले आहे. हिच्या बियांत लिवोडोपा असते आणि आयुर्वेदात कंपवातावर त्या वापरतात. मात्र चालू गोळ्यांच्या जोडीला हे चूर्ण परस्पर सुरू करू नये. मात्रा वाढते आणि अंगाला नको ते हेलकावे येऊ लागतात. वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही एकमेकांची औषधे सांगावीत.

घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते आमच्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विदेशी कापडाची मोटार अडवताना त्यांनी प्राण दिला. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले, ते जुने गाव या पाण्याखाली आहे. तिथेच मैत्रिणीचे माहेर होते.

काठावर घडीची खुर्ची मांडून तिला बसवले. पाण्याकडे बोट करून ती विहीर, पार, आजीचे जाते असे एकेक सांगत होती. मग म्हणाली, “सगळे विचारतात, घरी केव्हा जाणार? मी इंग्लंडचं तिकीट दाखवते. पण घर म्हटलं की मला हे पाणी दिसतं.” थोड्या वेळाने तिने शांतपणे सांगितले, “आता पुन्हा यायला जमेल असं वाटत नाही.”

अशा वेळी आपल्या ओठांवर एकच वाक्य तयार असते : ‘असं अभद्र बोलू नये.’ मी ते बोलले नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मलाही तसंच वाटतं.” त्यानंतरचा तासभर आम्ही जे बोललो, ते पन्नास वर्षांत बोललो नव्हतो. तिचे दागिने कोणाला, तिच्या मागे मुलाला फोन कोणी करायचा, शाळेतले आमचे एक जुने भांडण नेमके कशावरून झाले होते. हे सारे बोलताना तिचा चेहरा जवळजवळ स्थिर होता. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. हसू आणि रडू दोन्ही आतच राहतात. घरच्यांना वाटते, हिला काही वाटतच नाही. काळजीवाहकांनो, अशा माणसाचा चेहरा वाचू नका. त्याचे शब्द कान देऊन ऐका आणि ते सावकाश येतील इतका वेळ द्या.

सहाला आम्ही घरी परतलो. बॅगा आदल्या दिवशीच बांधून ठेवल्या होत्या. उरली होती ती फक्त हातातली पिशवी. प्रवासाच्या दुप्पट दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यात ठेवली. औषधे सामानाच्या बॅगेत कधीही देऊ नयेत. हिवाळ्यात इंग्लंडचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते. म्हणून विमानात गोळ्या स्थानिक वेळेवर न घेता दर चार तासांनी, असे कागदावर ठळक लिहिले. तिच्या डॉक्टरांनी तसेच सांगितले होते. चाकाच्या खुर्चीची मागणी दोन दिवस आधी नोंदवली होती. चार तासांहून लांब विमानप्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यासाठी तासातासाला घोटे फिरवणे, जमेल तेव्हा उठून चालणे आणि पुरेसे पाणी पिणे हे तिला ठाऊक होते. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. वाटेकडेची, स्वच्छतागृहाजवळची जागा मागावी.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्ण आणि त्यांचे आप्त एकत्र येतात. आपल्या घरी असा रुग्ण असेल तर अशा मंडळींत अवश्य जावे. ‘तिला हे झेपेल का?’ हा प्रश्न आपण डॉक्टरांना विचारतोच. ‘तुला काय पाहायचे आहे?’ हा प्रश्न मात्र तिलाच विचारायचा असतो, आणि मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून दिवस आखायचा असतो.

ती गेल्यावर आठवड्याने तिच्या मुलाचा फोन आला. घरातल्या लांब बोळात ती वारंवार अडते, म्हणून त्याने जमिनीवर पावलापावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. “मावशी, जुन्नरच्या पायऱ्या इकडे आणल्यात,” तो म्हणाला. “आता तो लेझमीचा ठेका मला नीट सांगा.”