फाटकापासून दारापर्यंत

भंडाऱ्यात घर बांधले, तेव्हा फाटकापासून दारापर्यंतच्या वीस पावलांवर काय घालावे, यावर घरात महिनाभर खल झाला. मुलाला मोटारीसाठी वैनगंगेच्या रेतीचे पक्के काँक्रीट हवे होते. कंत्राटदाराने पेव्हर ब्लॉकचे नमुने आणले. आई मात्र मुरमावर अडून बसली. धान वाळवायला, सडा टाकायला अंगण हवे, एवढेच तिचे म्हणणे. मला तो हळवेपणा वाटला. (धान आता घरी येतेच कुठे?) पण शेजारच्या काँक्रीटवर वैशाखात अनवाणी पाऊल टेकवत नाही आणि आषाढात तिथले सारे पाणी आमच्या जोत्याशी साचते, हेही दिसत होते. अखेर चाकांपुरते काँक्रीटचे दोन पट्टे घातले. मधल्या मुरमावर आईने सडा टाकला, तो एकच वर्ष. आता तिथे दुर्वा माजल्या आहेत. मोटार त्यांच्यावरून जाते.