चांदीचा भाव

मुंबईच्या पेडर रोडवरील गुलशन महाल आणि त्यालगतची नवी इमारत यांत १९ जानेवारी २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. रायपूरहून बैठकीसाठी गेलो असता मोकळी दुपार मी तेथे घालविली. गांधीजी आणि सिनेमा हे दालन भराभर पाहिले; तंत्रज्ञानाच्या मजल्यावर मात्र पाय रेंगाळले.

फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तो स्वतःच घडविला. यंत्रे टिकतात, त्यांनी टिपलेले टिकत नाही. ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत आज ज्ञात नाही. नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, हे एक कारण. दुसरे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक अस्वस्थ करणारे आहे : जुन्या प्रती त्यांतील चांदीसाठी विकल्या गेल्या. विकणारे अडाणी नव्हते. चांदीला आजचा, रोख भाव होता. पन्नास वर्षांनंतरच्या प्रेक्षकाला लिलावात बोली लावता येत नाही. त्याच्या वतीने बोली लावणे हे शासनाचे काम. पण पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत सरकारी ताब्यातील नायट्रेट फिल्मही गेल्या.

आमच्या कार्यालयांत अभिलेखांचे ‘क’ व ‘ख’ वर्ग कायम जपण्याचे आणि ‘ग’ वर्ग मुदतीनंतर नष्ट करण्याचा. सर्वाधिक नस्ती ‘ग’मध्येच जातात. असो.

छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ मनु नायक यांनी १९६५ साली काढला. विषय जातीभेद ओलांडणाऱ्या प्रेमाचा. त्यानंतरच्या कित्येक लहान चित्रपटांना ना नामवंत निर्माता, ना वारस. येथील एका परिचितांच्या कुटुंबाचे पूर्वी टॉकीज होते. परतल्यावर त्यांच्या गोदामातील डबे पाहिले. झाकण उघडताच व्हिनेगरचा उग्र दर्प आला; अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागल्याची ती खूण. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार होता. “साहेब, पुण्याला पाठवायचे भाडे कोण देणार?” त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही दोघांनी बसून डब्यांवरील वाचता येतील तेवढी नावे उतरवून घेतली, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या नावे पत्र तयार केले, आणि डबे पत्र्याच्या शेडमधून घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलविले.